निद्रेचें द्रव्य आणि आपलें स्वयंपाकघर

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वन्संचा मुलगा अमेरिकेहून आला, तेव्हां त्यानें आपल्या आजीसाठीं दोन बाटल्या आणल्या. एकींत लहान मुलांच्या गोड गोळ्यांसारख्या रंगीत, चघळावयाच्या वड्या होत्या व बाटलीवर ‘मेलाटोनिन, १० मिलिग्रॅम’ असें छापलें होतें. दुसरींत आंबट चेरीचा दाट, काळपट तांबडा रस होता. आमच्या सासूबाईंना ब्याऐंशीवें वर्ष चालू आहे. मामंजी गेले त्याला तीन वर्षें झालीं. तेव्हांपासून त्यांची झोप जी गेली ती परत आलेली नाहीं. रात्रीं बाराच्या सुमारास डोळा लागतो, अडीच वाजतां उघडतो, आणि मग पहाट होईपर्यंत दिवाणखान्यांतील ट्यूब लावून त्या जपमाळ घेऊन बसत. सकाळीं त्यांचा चेहरा पाहवत नसे. एकदां तर या अपुऱ्या झोपेच्या गुंगींतच न्हाणीघरांत त्यांचा तोल गेला. दैव बलवत्तर म्हणून हाड मोडलें नाहीं.

“आजी, या वड्या घे, रात्रभर गाढ झोपशील. आणि वडी नको असेल तर हा रस घे. तो तर निव्वळ फळाचा आहे, त्यांत अपाय तो कसला?” नातवानें आग्रह केला. सासूबाईंनीं दोन्ही बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अगं, तूं एवढें वाचतेस, तूंच सांग. घेऊं कीं नको?”

वड्यांचा निकाल लवकर लागला. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीं सासूबाईंना रक्त पातळ ठेवणारें वॉरफरिन हें औषध चालू आहे, आणि मेलाटोनिनच्या योगानें त्या औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव होण्याचा संभव असतो. आमच्या डॉक्टरांनीं फोनवरच सांगितलें कीं, बाटली कपाटांत ठेवा. उरला रसाचा प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ एका यादीचा. ‘झोपेसाठीं अमुक खा, तमुक खा’ अशा याद्या हल्लीं हातोहात फिरत असतात. वन्संनीं पाठविलेल्या यादींत केळीं, अननस, अक्रोड, बदाम, पिस्ते, टोमॅटो, तांदूळ, मेथ्या, मोहरी अशीं पंधरा-वीस नांवें होतीं व प्रत्येकापुढें ‘मेलाटोनिनचें भांडार’ असें विशेषण होतें. मेथ्या आणि मोहरी पाहून मला हसूं आलें. मोहरीची फोडणी आपण पिढ्यान् पिढ्या खात आलों आहों. ती जर निद्रेचें भांडार असती तर महाराष्ट्रांत कोणाला जागरण घडलेंच नसतें! परंतु हसण्यावारी नेण्याइतकी ती यादी खोटीही नव्हती. तेव्हां मीं जें मिळेल तें वाचून काढलें. वाचकभगिनींच्या घरींही हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहील, म्हणून त्याचें सार येथें मांडतें.

मेलाटोनिन हें आपल्याच मस्तकांत तयार होणारें द्रव्य आहे. मेंदूच्या मध्यभागीं, दोन्ही गोलार्धांच्या बेचक्यांत, तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेली एक ग्रंथि असते. तिचा आकार चिलगोज्याच्या बोंडासारखा म्हणून पाश्चात्त्य शारीरशास्त्रज्ञांनीं तिला पिनियल हें नांव दिलें. सतराव्या शतकांतील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें तिला आत्म्याचें मुख्य आसन ठरविलें होतें, आणि आपल्याकडील कित्येक लेखक तिचा संबंध आज्ञाचक्राशीं जोडतात. अध्यात्माचा भाग मी जाणत्यांवर सोडतें. मात्र ‘तिसरा डोळा’ या कल्पनेला प्राणिशास्त्रांत थोडासा आधार आहे खरा. न्यूझीलंडमधील तुआतारा या सरड्यासारख्या प्राण्याच्या टाळूच्या कातडीखालीं प्रकाश ओळखणारें एक लहानसें नेत्रवत् इंद्रिय असतें, व तें या ग्रंथीचें सोयरें होय. माणसाची ग्रंथि मात्र कवटीच्या आंत गडद अंधारांत बसलेली. तिला दिवस मावळल्याची वार्ता डोळ्यांच्या मार्गें कळावी लागते.

या द्रव्याचा शोध लागला तो झोपेच्या चौकशींतून मुळींच नव्हे. १९१७ मध्यें अमेरिकेंत मॅक्कॉर्ड व ॲलन या दोघांना असें आढळलें कीं, या ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला असतां त्यांची काळी कातडी फिकट पडते. पुढें येल विद्यापीठांतील त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनीं कातडीच्या रंगाच्या विकारांवर, विशेषतः कोडावर, कांहीं उपाय सांपडेल या आशेनें तोच धागा उचलला, आणि कत्तलखान्यांतून गुरांच्या लाखांवर ग्रंथी जमवून १९५८ मध्यें त्यांतून एक शुद्ध द्रव्य वेगळें काढलें. तेंच मेलाटोनिन. कोडासाठीं तें निरुपयोगी ठरलें. त्याचें खरें कार्य मागाहून कळलें.

तें कार्य असें. अंधार पडूं लागला कीं ही ग्रंथि स्रवूं लागते, मध्यरात्रीनंतर तिचा स्राव भरास येतो आणि पहाटेस ओसरतो. दिवसा रक्तांत त्याचा मागमूस नसतो म्हटलें तरी चालेल. अफू किंवा झोपेची गोळी मेंदूला बळेंच गुंगवते, तसें हें करीत नाहीं. तें फक्त शरीराच्या कानाकोपऱ्यांत दवंडी पिटतें कीं रात्र झाली. उंदरासारख्या रात्रिंचर प्राण्यांतही तें रात्रींच वाढतें, आणि तो प्राणी तर त्याच वेळीं उठून कामाला लागतो! म्हणून ‘निद्रेचें द्रव्य’ हें मथळ्यांतील नांव सोयीचें असलें तरी ‘रात्रीचें द्रव्य’ हें अधिक यथार्थ. वयोमानाप्रमाणें हा स्राव बहुधा कमी होत जातो. रक्तदाबावरील कांहीं औषधांनींही तो घटतो.

आतां वनस्पतींकडे वळूं. १९९५ मध्यें जर्मनींत व जपानांत दोन निरनिराळ्या संशोधकमंडळांनीं खाण्याच्या वनस्पतींत हेंच द्रव्य असल्याचें दाखवून दिलें. जपानी मंडळींनीं चोवीस खाद्य वनस्पति तपासल्या. त्यांत तांदूळ, मका, ओट अशीं गवताच्या कुळांतील धान्यें पुढें होतीं. शास्त्रज्ञांना याचें नवल वाटलें, आणि तें साहजिकच होतें. झाडाला मेंदू नाहीं, डोळा नाहीं, झोप नाहीं. मग त्याला रात्रीची दवंडी हवी कशाला?

उत्तर असें निघालें कीं, झाड तें दवंडीसाठीं करीतच नाहीं. ऊन, थंडी, अवर्षण, क्षारयुक्त जमीन यांचा जाच होऊं लागला म्हणजे पेशींत प्राणवायूपासून जे दाहक कण उत्पन्न होतात, त्यांना शमविण्याचें काम झाडांत मेलाटोनिन करतें. प्राणी उन्हांतून उठून सावलींत जाऊं शकतो. झाडाला जागच्या जागीं सोसावें लागतें. बीजाचें तर विचारूंच नका. त्याच्या पोटांत तेल आणि इवलासा अंकुर. तेल खवट झालें कीं अंकुर मेला. पावसाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहावयाचें तर त्याला आपल्या तेलाचें रक्षण करणारें कांहींतरी जवळ बाळगलेंच पाहिजे. यावरून वनस्पतींच्या इतर भागांपेक्षां बियांत मेलाटोनिन अधिक कां, याचा उलगडा होतो. आणि बियांना मोड आले कीं त्यांतील प्रमाण आणखी वाढतें. मसूर व राजमा यांच्याविषयीं स्पेनमधील संशोधकांनीं हें दाखविलें आहे. मोडाचा राजमा खाऊं घातलेल्या उंदरांच्या रक्तांतही तें किंचित वाढलेलें आढळलें. निसर्गाची काटकसर अशी कीं, एकच द्रव्य झाडाच्या घरीं रखवालदार आणि आपल्या घरीं दवंडीवाला.

बियांचा विषय आपल्या मिसळणाच्या डब्याशींच येऊन भिडतो. २००० सालीं टेक्सासमधील संशोधकांनीं पंधरा जातींच्या बिया तपासून जे आकडे प्रसिद्ध केले, ते पाहून मी चकित झालें. आकडे नॅनोग्रॅमांत आहेत. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले म्हणजे त्यांतील एक भाग तो नॅनोग्रॅम. एका ग्रॅम बियांत पांढऱ्या मोहरींत १८९ नॅनोग्रॅम, काळ्या मोहरींत (आपल्या फोडणीच्या मोहरीची ही चुलतबहीण) १२९, मेथ्यांत ४३, बदामांत ३९, बडीशेपेंत २८, हिरव्या वेलदोड्यांत १५, जवसांत १२, धन्यांत ७ आणि खसखशींत अवघे ६. गंमत पाहा. झोप येत नाहीं म्हटलें कीं आपल्या आज्या खसखशीची खीर पाजीत. ती खसखस या यादींत तळाशीं, आणि जिला निद्रेसाठीं कोणी कधीं विचारलें नाहीं ती मोहरी अग्रस्थानीं! यावरून खसखशीची खीर निरुपयोगी ठरते असें नव्हे. रात्रीं कोमट, गोड, स्निग्ध असें कांहीं पोटांत गेल्यानें जें स्वास्थ्य वाटतें त्याचें माप नॅनोग्रॅमांत होत नाहीं. परंतु ती मेलाटोनिनच्या जोरावर झोप आणते असें मात्र कोणीं म्हणूं नये.

येथपर्यंत यादी खरी ठरली. आतां हिशेब करूं, कारण सारी मौज हिशेबांत आहे. एका माणसाच्या पोटांत दिवसाकाठीं दोन ग्रॅम मोहरी, एक ग्रॅम मेथ्या, चार ग्रॅम बडीशेप, तीन ग्रॅम धने, जवसाच्या चटणीच्या रूपानें दहा ग्रॅम जवस आणि दहा बदाम, म्हणजे बारा ग्रॅम, गेले असें धरूं. फोडणींत कांहींच जळालें नाहीं असेंही उदार मनानें मानूं. बेरीज होते सुमारें १,००० नॅनोग्रॅम, म्हणजे एक मायक्रोग्रॅम. तोंडावाटे घेतलेल्या मेलाटोनिनचा बहुतेक भाग यकृतांतच खर्ची पडतो व सरासरीनें शेंकडा पंधरा भागच रक्तांत पोंचतो. उरलें ०.१५ मायक्रोग्रॅम. उलट आपली ग्रंथि एका रात्रींत सुमारें तीस मायक्रोग्रॅम स्रवते. माणसामाणसांत यांत पुष्कळ अंतर असतें, तरी हिशेबाला हा आकडा पुरे. म्हणजे एवढा सुग्रास आहार घेऊन आपण मिळविलें काय, तर रात्रीच्या स्रावाचा दोनशेवा हिस्सा!

निद्रेवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांनीं जी लहानांत लहान उपयुक्त मात्रा मानली आहे, तीही ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास असते. तेवढी मात्रा स्वयंपाकघरांतून काढावयाची तर काळी मोहरी सव्वादोन किलोहून अधिक, बदाम पावणेआठ किलो, आणि ज्या आंबट चेरीचा एवढा गाजावाजा त्या चेरीचीं ताजीं फळें बावीस किलो एका बैठकींत खावीं लागतील. हा हिशेब वाचून दाखविला तेव्हां सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे झोप येईल खरी, पण कायमची!”

उलट बाजूनें वड्यांचाही हिशेब करून पाहिला. एका वडींत दहा मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम. यकृताची वजावट करूनही रक्तांत दीड हजार उरतात. म्हणजे आपल्या ग्रंथीची पन्नास रात्रींची कमाई एका रात्रींत. जें द्रव्य केवळ संकेत म्हणून योजलेलें आहे त्याची एवढी आरडाओरड शरीराला कशाला हवी, हें मला समजलें नाहीं. शिवाय अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यान्वयें या वड्या औषधांत न मोडतां आहारपूरक पदार्थांत मोडतात, त्यामुळें बाटलीवरील आकडा व आंतील माल यांचा मेळ असेलच असें नाहीं. कॅनडांत २०१७ सालीं अशा एकतीस मालांची तपासणी झाली. कोणांत छापील आकड्यापेक्षां ८३ टक्के कमी, तर कोणांत ४७८ टक्के अधिक मेलाटोनिन सांपडलें, आणि आठांत सेरोटोनिन हें भलतेंच द्रव्य निघालें. २०२३ मध्यें अमेरिकेंत चघळावयाच्या पंचवीस मालांपैकीं बावीसांवरील आकडे चुकीचे ठरले. घरांत लहान मुलें असतील तर या रंगीत वड्या त्यांच्या हातीं पडणार नाहींत अशा जागीं ठेवाव्या, हें मुद्दाम सांगतें.

‘मग फळें खाऊन फरक पडल्याचे प्रयोग झाले आहेत ते काय खोटे?’ असें कोणी विचारील. ते खोटे नाहींत, आणि म्हणूनच विचार करण्याजोगे आहेत. थायलंडांत २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बारा निरोगी पुरुषांना एक किलो संत्र्यांचा रस, एक किलो अननसाचा रस किंवा दोन केळीं दिलीं. दोन तासांनंतर तिन्ही वेळां रक्तांतील मेलाटोनिन तिपटी-चौपटीनें वाढलेलें दिसलें. इंग्लंडांत २०१२ मध्यें वीस जणांना आठवडाभर आंबट चेरीचा आटविलेला रस देऊन पाहिला, तेव्हां त्यांची झोप सुमारें अर्ध्या तासानें वाढली. जपानांत भाजीपाला भरपूर खाणाऱ्या स्त्रियांच्या सकाळच्या लघवींत मेलाटोनिनचा अवशेष थोडा अधिक आढळला आहे.

परंतु दोन केळ्यांत मुळांत मेलाटोनिन असतें तें इतकें थोडें कीं, रक्तांत झालेली वाढ केवळ त्याच्यापासून होणें हिशेबांत बसत नाहीं. तेव्हां फळांतील दुसरें कांहींतरी आपल्या शरीराकडूनच तें अधिक करवून घेत असावें, अथवा यकृतांतील त्याचा नाश लांबवीत असावें, असा तर्क करावा लागतो. चेरीच्या बाबतींत तर संशोधकांनींच असा अंदाज केला आहे कीं, तिच्या सालींतील तुरट-रंगीत द्रव्यें ट्रिप्टोफॅन या पदार्थाचा नाश थांबवितात, आणि ट्रिप्टोफॅन हाच तर मेलाटोनिनचा कच्चा माल. हे सर्व प्रयोग दहा-वीस माणसांवर व थोड्या दिवसांचे आहेत, हेंही लक्षांत ठेवावें. आकड्यांविषयीं तर फारच जपून बोलावें लागतें. जात, पक्वता, ऊन, आणि मोजण्याचें यंत्र यांप्रमाणें एकाच फळाचे आकडे कित्येक पटींनीं बदलतात. पिस्त्यांविषयीं प्रसिद्ध झालेले आकडे एकमेकांपासून हजारों पटींनीं दूर आहेत. यादी करणारे त्यांतला मोठा आकडा उचलतात, एवढेंच.

या सर्व प्रकरणांत मला सर्वांत मजेदार वाटला तो कॉफीचा दाखला. म्हैसूरच्या मध्यवर्ती खाद्य तंत्रसंशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१२ मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, कॉफीच्या बियांत ग्रॅममागें पांच ते दहा मायक्रोग्रॅम मेलाटोनिन असतें. म्हणजे मोहरीच्या कित्येक पट. भांडारच म्हणावयाचें तर तें येथें आहे! पण झोपेसाठीं कॉफी प्या असें कोणी म्हणेल काय? तिच्यांतील कॅफीन मेंदूला जागें ठेवतें तें ठेवतेंच, शिवाय झोपण्यापूर्वीं तीन तास घेतलेल्या कडक कॉफीनें शरीराचें घड्याळ सुमारें चाळीस मिनिटें मागें पडतें, असें २०१५ च्या एका अमेरिकन प्रयोगांत दिसलें. पदार्थांत एखादें द्रव्य आहे, एवढ्यावरून त्या पदार्थाचा गुण ठरत नाहीं, याला याहून चांगलें उदाहरण मला तरी सांपडलें नाहीं.

तर मग शाकाहाराचा झोपेशीं संबंधच नाहीं काय? आहे, पण तो वेगळ्या वाटेनें. डाळी, कडधान्यें, शेंगदाणे, तीळ यांतून ट्रिप्टोफॅन मिळतें. त्याचें शरीरांत सेरोटोनिन होतें व सेरोटोनिनचें रात्रीं मेलाटोनिन होतें. हें ट्रिप्टोफॅन मेंदूंत शिरतांना त्याच्या भाऊबंदांची गर्दी आड येते. सोबत भातासारखा पिष्टमय पदार्थ असला तर ती गर्दी कमी होऊन त्याला वाट मिळते. ऑस्ट्रेलियांत २००७ मध्यें बारा तरुणांवर प्रयोग करून पाहिला, तेव्हां निजण्यापूर्वीं चार तास लवकर पचणारा भात खाल्लेल्यांना इतरांहून निम्म्या वेळांत झोप लागली. आमटी-भाताच्या जोडीची ही थोरवी मधुमेह्यांनीं अर्थात् बेतानेंच घ्यावी. २०१६ च्या आणखी एका प्रयोगांत ज्या दिवशीं आहारांत चोथा अधिक त्या रात्रीं गाढ झोप अधिक, आणि ज्या दिवशीं साखर व तूप-लोण्यासारखे स्निग्ध पदार्थ अधिक त्या रात्रीं झोप हलकी, असें आढळलें. भाकरी, पालेभाजी, उसळ, कोशिंबीर हें ताट निद्रेला अनुकूल आहे, यांत मला शंका नाहीं. त्याचें श्रेय मेलाटोनिनला द्यावें कीं नाहीं, यांत मात्र आहे. जपानांतील ताकायामा शहरांत १९९२ पासून हजारों नागरिकांची पाहणी चालू झाली, तींत ज्यांच्या आहारांत मेलाटोनिन अधिक त्यांचें आयुष्यमान चांगलें दिसलें. पण तें अधिक खाणारे म्हणजे भाज्या अधिक खाणारेच. दुधांतून पाणी काढावें तसें त्यांतून मेलाटोनिनचें पुण्य कसें वेगळें काढणार?

वाचतां वाचतां माझी दृष्टि शेवटीं ताटावरून उठून डोक्यावरच्या ट्यूबकडे गेली. ज्या द्रव्याचे कण आपण मोहरीच्या दाण्यांतून वेंचावयास निघालों, तें प्रत्येक रात्रीं आपण स्वतःच विझवून टाकीत असतों. प्रखर प्रकाशानें माणसाचा हा स्राव थांबतो, हें १९८० मध्येंच सिद्ध झालें. परंतु घरच्या साध्या दिव्यांचें काय? २०११ मध्यें एकशें सोळा तरुण-तरुणींवर झालेल्या प्रयोगांत निजण्यापूर्वींचे तास एकदां नेहमींच्या खोलींतील उजेडांत व एकदां अगदीं मंद उजेडांत काढविले. नेहमींच्या उजेडांत जवळजवळ सर्वांचा स्राव उशिरां सुरू झाला आणि त्याचा काळ सुमारें दीड तासानें आखडला. प्रकाशांतही निळसर छटेचा प्रकाश अधिक घातक, कारण डोळ्याच्या पडद्यांतील ज्या पेशी या ग्रंथीला वार्ता पोंचवितात त्या निळ्या उजेडालाच विशेष दाद देतात. आमच्या दिवाणखान्यांतील शुभ्र ट्यूब, आणि हातांतला फोन, हीं त्यांचीं ठळक रूपें. दिवेलागणीनंतर समईच्या पिवळ्या, मिणमिणत्या उजेडांत शुभंकरोति म्हणून वडीलधाऱ्यांनीं लवकर पाठ टेकावी, ही जुन्या घरांतील चाल कांहीं मेलाटोनिन ओळखून पडली नव्हती. तेल महाग होतें हेंच तिचें मुख्य कारण. तरी तिचा लाभ होत होता हें खरें.

जेवणाच्या वेळेचेंही तसेंच. रक्तांत मेलाटोनिन चढलेलें असतांना इन्शुलिनचा स्राव मंदावतो. २०२२ मध्यें स्पेनमधील ८४५ माणसांना एकदां झोपेपूर्वीं चार तास व एकदां एकच तास साखरेचें पाणी दिलें. उशिरां दिलें तेव्हां रक्तांतील साखर सुमारें ८ टक्के अधिक चढली. सूर्यास्तापूर्वीं जेवणाऱ्या आमच्या जैन शेजारणीपुढें मला मान लववावी लागली.

तेव्हां आम्हीं घरांत जे फेरफार केले ते असे. मालिका आटोपून साडेनवाला होणारें जेवण साडेसातांवर आणलें. याला सर्वांत मोठा विरोध माझ्या यजमानांचा झाला, आणि तो अजून पुरता मावळलेला नाहीं. दुपारीं तीननंतर चहा-कॉफी बंद. नवानंतर दिवाणखान्यांतील ट्यूब बंद. सासूबाईंच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत जमिनीलगत पिवळा मंद दिवा, म्हणजे उठल्या तर ठेंच लागावयाची नाहीं. मध्यरात्रीं जाग आली तर जप अंथरुणांतच, अंधारांत करावा अशी विनंती केली. “देवाला काय, अंधारांतही ऐकूं येतें,” असें म्हणून त्यांनीं ती मानली. सकाळीं भाजी निवडावयास त्या आतां स्वयंपाकघराऐवजीं गॅलरींत उन्हांत बसतात, कारण सकाळच्या उजेडानेंच रात्रीचें घड्याळ बांधलें जातें. आठ अमेरिकन माणसें २०१३ मध्यें कोलोराडोच्या डोंगरांत आठवडाभर केवळ सूर्य व शेकोटी यांच्या उजेडांत राहिलीं, तेव्हां त्यांचा मेलाटोनिनचा स्राव जवळजवळ दोन तास आधीं सुरू होऊं लागला, असें वाचलें होतें. डोंगर नाहीं तर गॅलरी.

चमत्कार झाला असें मी म्हणणार नाहीं. अडीच महिने झाले. आठवड्यांतून चार रात्रीं सासूबाई अकरा ते चार अशी सलग झोप घेतात. उरलेल्या तीन रात्रीं पूर्वींप्रमाणेंच अडीचला जाग येते. त्या तीन रात्रींचें कारण डोळ्यांत किंवा ताटांत नाहीं, हें आम्हां दोघींनाही ठाऊक आहे. मामंजी अडीच वाजतां पाणी पिण्यास उठत असत, आणि तांब्या-भांडें देण्यासाठीं त्यांच्या बरोबर सासूबाईही पन्नास वर्षें उठत आल्या.

चेरीच्या रसाची बाटली फुकट गेली नाहीं. डॉक्टरांनीं दोन चमच्यांपुरती संमति दिली. पहिल्या दिवशीं सासूबाईंनीं एक घोट घेऊन तोंड वांकडें केलें व म्हणाल्या, “हें तर आमसुलाचें सार आहे, नुसतें मीठ घालावयाचें विसरले आहेत.” तेव्हांपासून त्या त्यांत पाणी, चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून दुपारीं चार वाजतां घेतात. जिऱ्यांत मेलाटोनिन किती तें मीं अद्याप पाहिलेलें नाहीं.